जुने पेशंट

वडिलांनी शर्टाची बाही दुमडली आणि कोणी काही म्हणायच्या आत हात कोपराच्या वरपर्यंत काचेच्या टाकीत घातला.

टाकी दुकानाच्या काउंटरवर शोभेसाठी ठेवलेली होती. तळाशी पांढरे गोटे, प्लॅस्टिकचं शेवाळ आणि त्यात बुडवून ठेवलेला एक केशरी कॅमेरा. गिऱ्हाइकांनी बघावं आणि विश्वास ठेवावा, एवढ्यापुरताच. हात आत गेल्याबरोबर पाणी काठावरून उसळलं, काचेच्या काउंटरवरून ओघळलं आणि खाली मांडून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या पिशव्यांवर टपटपू लागलं.

"अहो काका! ते नुसतं दाखवायला आहे!" विक्रेता फडकं शोधत म्हणाला.

"पाण्यातला कॅमेरा पाण्यात धरून बघायचा नाही, तर कुठे धरून बघायचा?" वडिलांनी कॅमेरा आतल्या आत फिरवला, अंगठ्यानं बटणं चाचपली. "ठमे, इकडे ये. बटणं बघ केवढाली! मेथीच्या दाण्याएवढी. हातमोजे घातले की एक दाबायला जावं आणि तीन दाबली जावीत."

दुकानातली सगळी डोकी वळली. वडिलांचं बोलणं म्हणजे ओरडणंच होतं. वर्षानुवर्षं पाण्याचा दाब सोसून डावा कान कामातून गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईपर्यंत ते चढवत न्यायचे. आणि तो त्यांना ऐकू येऊ लागे तेव्हा रस्त्यापलीकडेही ऐकू गेलेला असे.

ती पुढे झाली. पर्समधून रुमाल काढून तिनं काउंटर पुसायला घेतलं.

"सॉरी हं," ती विक्रेत्याला म्हणाली. दुकानात आल्यापासून हे तिनं कितीदा म्हटलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. "बाबा, हात काढा बाहेर. ते देतायत ना दाखवायला."

"राहू द्या हो ताई," विक्रेता म्हणाला. तो पंचविशीचा, चष्मा लावणारा, शांत मुलगा होता. "पुसलं की झालं."

वडील बंदरावर पाणबुडे होते. जहाजांचे तळ खरवडायचे, धरणाच्या दारात अडकलेले ओंडके सोडवायचे, कोणाचं काही पडलं तर शोधून आणायचं. सोबतचे लोक त्यांना बेडूक म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत. पण सगळं काम गढूळ पाण्यातलं. तोंडासमोर धरलेला स्वतःचा हातही बहुतेक वेळा दिसत नसे. जे करायचं ते चाचपून. निवृत्त झाल्यावर त्यांनी कधीतरी एका मासिकात एका बेटाचे फोटो पाहिले होते. तिथलं पाणी म्हणे इतकं नितळ, की होडीची सावली तळावर पडलेली दिसते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बेट बसलं होतं. तिची आई गेल्यावर दोन वर्षं त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. मग या वर्षी एक दिवस फोन करून म्हणाले, "तिकीट काढलं. आयुष्यभर पाण्यात आंधळी कोशिंबीर खेळलो. आता एकदा डोळे उघडून बघून येतो."

"कॅमेरा माझ्याकडून," ती लगेच म्हणाली होती. त्या क्षणी तिला फार छान वाटलं होतं. दुकानात वडील कसे वागतील ते तिच्या मनातही आलं नव्हतं.

विक्रेत्यानं काउंटरवर निळं मऊ कापड अंथरलं आणि त्यावर दोन कॅमेरे ठेवले. एक टाकीतल्यासारखाच केशरी, दुसरा काळा, थोडा जाड, डोक्यावर खाचा असलेली चकती.

"काका, केशरी सोपा आहे. दाबलं की फोटो. सगळं तोच ठरवतो. फ्लॅश कधी टाकायचा, उजेड किती घ्यायचा, सगळं."

"तो ठरवणार? त्याला काय कळतंय पाण्यातलं?"

"त्याच्यात पाण्याखालचा वेगळा मोड असतो ना."

"कुठल्या पाण्याखालचा? बादलीतल्या की दर्यातल्या?" वडील आता रंगात आले. "हे बघा, पाण्यात उतरलं की सगळ्यात आधी लाल रंग जातो. मग नारिंगी. खाली सगळं हिरवं. एकदा धरणाच्या दाराशी माझा हात कापला, हा असा, इथपासून इथपर्यंत. दिव्याच्या झोताबाहेर धरला तर रक्त कसं दिसलं माहितीये? हिरवं! हिरवंगार! मला वाटलं, शेवाळंच चिकटलंय!"

पलीकडे पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत बसलेली बाई कंगवा तसाच धरून बघत राहिली.

"बाबा, हळू," ती म्हणाली.

"म्हणून मला हाताने ठरवता येईल असा पाहिजे. फ्लॅश माझ्या मर्जीनं बंद. उजेड मी ठरवणार. पांढरं म्हणजे काय ते मी त्याला सांगणार. पांढरी पाटी समोर धरायची आणि सांगायचं, बाबा रे, हे पांढरं, आता बाकीचं तू समज. मासिकात लिहिलंय सगळं. आणि हा तरंगतो ना, सुटला हातातून तर?"

"नाही काका, बुडतो. पट्ट्याला फुगा लावायचा. मघाशी सांगितलं मी."

"मघाशी केशरीचं सांगितलंत."

"दोन्ही बुडतात, काका."

"असं होय," वडील म्हणाले आणि आणखी थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

काळा कॅमेरा त्यांना आवडला होता हे तिला दिसत होतं. चकती फिरवताना ती प्रत्येक खाचेत बसल्याचा टिक आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण बोटांना कळत होता. डोळे मिटून त्यांनी ती पुढे-मागे फिरवली. ओल्या बाहीतून कापडावर थेंब पडत होते. तिनं घड्याळ पाहिलं. एवढ्यात आटपलं तर बरं, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतंय याचीच तिला चीड येत होती.

दुकानाचं काचेचं दार उघडलं आणि मागून आवाज आला.

"अगं, तू इथे?"

मोठ्या डॉक्टर होत्या. ज्या दवाखान्यात ती गेली दोन वर्षं दात काढत, भरत, सांधत होती, तो त्यांचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, नव्या वस्तीतली शाखा तुझ्या हाती द्यावी असं माझ्या मनात आहे, घरी बोलून बघ. ती घरी काही बोलली नव्हती. एकटीच आरशासमोर उभी राहून हसली होती.

"मॅडम! तुम्ही?"

"ह्यांचा चार्जर हरवला. प्रत्येक प्रवासात एक ठेवून येतात." मोठ्या डॉक्टर हसल्या. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. काउंटरवरच्या पाण्यावर, ओल्या बाहीवर, पायांतल्या रबरी सपातांवर. "आणि हे?"

विचार करायला वेळ मिळाला नाही असं तिला नंतर म्हणता आलं असतं. पण वेळ मिळाला होता. ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली होती, वडिलांच्या वाईट कानाच्या बाजूला, आणि मगच आवाज खाली आणून बोलली होती.

"पेशंट आहेत. माझे जुने पेशंट. इथेच भेटले आत्ता."

विक्रेत्यानं मान वर केली. गेला अर्धा तास ती त्याच्यासमोर बाबा, बाबा करत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि फडकं उचलून टाकीची कोरडी बाजू पुसू लागला.

वडील पाठमोरेच होते. काळ्या कॅमेऱ्याची चकती फिरायची थांबली होती. मग ते वळले.

"डॉक्टर," ते म्हणाले.

त्यांनी कोणाला हाक मारली ते तिला पटकन कळलंच नाही. आवाज अगदी बेताचा होता. इतका हळू बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा आता. काळा बरा की केशरी? मला म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं."

मोठ्या डॉक्टर तिला तू म्हणत होत्या आणि वडील तुम्ही.

"काळा," ती कशीबशी म्हणाली. "काळा चांगला आहे."

"पाण्यात उतरणार आहात की काय काका?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. "वा! मग तुम्ही असं करा, यांच्या वडिलांचा सल्ला घ्या. पाण्याखालच्या कामांचे मोठे इंजिनिअर होते ते. बंदराची कितीतरी कामं त्यांच्या देखरेखीखाली झाली. हो की नाही गं? मी कधीची म्हणतेय, एकदा भेट घालून दे."

हे सगळं तिनं सांगितलेलं नव्हतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात? आणि ती म्हणाली होती, बंदरावर, पाण्याखालच्या इंजिनिअरिंगच्या कामात. अगदीच खोटं नव्हतं. बाकीचं मोठ्या डॉक्टरांनी आपल्या मनानं बांधत नेलं होतं आणि तिनं ते बांधू दिलं होतं.

वडिलांनी ऐकून घेतलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला असावा, किंवा लागलाही नसेल. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"असं का," ते म्हणाले. "मोठा माणूस असणार."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

मघापासून दुकानभर बंदर, धरण आणि हिरवं रक्त ऐकवणारे वडील आता कॅमेऱ्याचा पट्टा सरळ करू लागले. विक्रेता फडकं पिळत होता, ते कोरडंच होतं.

"नोकरी," वडील म्हणाले. "साधीच."

इथे सगळं संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मोठ्या डॉक्टरांना माणसांशी बोलायची मनापासून आवड होती. पेशंट त्यांच्यावर जीव टाकत ते काही उगाच नाही. त्या हसत म्हणाल्या, "मग, काय काम केलंय आमच्या डॉक्टरांनी तुमचं? नीट केलंय ना?"

आणि वडिलांनी, त्या भर दुकानात, ओठाचा कोपरा बोटानं ओढून तोंड उघडलं.

"हा दातांचा पूल," त्यांनी बोट आत ठेवूनच सांगितलं. शब्द बोबडे आले. "कॉलेजात शिकत होत्या तेव्हाचा. पहिला पेशंट मीच यांचा. चार चार तास बसवायच्या खुर्चीत. पण हात एवढा हलका, एवढा हलका, की मला झोप लागायची."

ते खरं होतं. परीक्षेसाठी पेशंट मिळत नव्हता म्हणून ते कामावरून रजा काढून आले होते. तिच्या हातून हत्यारं सटकत होती आणि ते तोंडात एवढा सरंजाम घेऊन डोळ्यांनी तिला धीर देत होते. त्यांना झोपबीप काही लागली नव्हती. तिनं भूल कमी दिली होती आणि ते घरी जाईपर्यंत बोलले नव्हते.

मोठ्या डॉक्टरांनी फोनचा दिवा लावला. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी आत पाहिलं. पासपोर्टवाली बाई आता उघड उघड बघत होती. वडील तोंड उघडून उभे होते. खालच्या ओठावर लाळ जमली होती आणि ती गिळता येत नव्हती. तिनं काउंटरवरच्या किंमतपट्ट्या वाचायला सुरुवात केली. वाचल्या, पण एकही आकडा डोक्यात शिरला नाही.

"काम सुबक आहे," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "पण मागच्या दाढेशी फट पडलीये काका. तिथे हवा अडकली की पाण्याखाली दाबानं असं ठणकेल, की देव आठवेल. जायच्या आधी बुधवारी दवाखान्यात या. मी स्वतः बघते. येणार ना?"

"येतो की," वडिलांनी ओठ पुसला. मग ते विक्रेत्याकडे वळले. "कॅमेऱ्याचं मी विचार करून सांगतो. घाई काय आहे." त्यांनी काळा कॅमेरा निळ्या कापडावर ठेवला, दोन बोटांनी थोडा सरळ केला. "येतो, डॉक्टर. नमस्कार, मोठ्या बाई."

"नवी शाखा तुला देणार म्हटलं, त्याचं घरी बोललीस का गं?" मोठ्या डॉक्टर तिला विचारत होत्या तेव्हा दार ढकलून ते बाहेर पडले. काचेतून ती त्यांना पाहत राहिली. रस्ता ओलांडायला ते उभे राहिले, एक ओली बाही दुमडलेली आणि दुसरी मनगटापर्यंत बटण लावलेली. एरवी ते डावीकडची वाहनं तिला बघायला सांगत. आज त्यांनी स्वतःच दोनदा मान वळवली आणि गेले.

"गोड आहेत गं," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "चल, आता मला चार्जर निवडून दे."

तिनं चार्जर निवडून दिला. नव्या शाखेतल्या खुर्च्यांच्या रंगाबद्दल मोठ्या डॉक्टर बोलत होत्या, तिनं हो हो म्हटलं. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती पुन्हा दुकानात शिरली.

"काळा द्या."

विक्रेत्यानं खोकं काढलं. कॅमेरा उघडून त्यानं बॅटरीचं झाकण तिला दाखवलं, त्याच्या कडेची बारीक रबरी पट्टी.

"तुमच्या बाबांना एवढं सांगा," तो म्हणाला. "झाकण लावताना या रबरावर केस नको, वाळूचा कण नको. पाणी शिरतं ते इथूनच."

'तुमच्या बाबांना' हे शब्द त्यानं मुद्दाम वगैरे उच्चारले नाहीत. तिनं खोकं घेतलं आणि त्याच्याकडे न बघता आभार मानले.

बंदरामागच्या दोन खोल्यांत वडील दिवाणावर पाय मुडपून शर्टाचं बटण शिवत बसले होते. दाराची कडी वाजवली तरी ऐकू येणार नाही म्हणून ती नेहमीसारखीच लोटून आत आली. सुई वर धरून ते तिच्याकडे पाहून हसले.

"आलीस? चहा टाक बरं. दोरा ओवून ओवून डोळे गेले."

तिनं खोकं त्यांच्या शेजारी ठेवलं. त्यांनी सुई गादीत खोचली, हात पँटला पुसले आणि खोकं उघडलं.

"बाबा, दुकानात मी..."

"ही बॅटरी अशी बसते की उलटी गं?"

"बाबा."

"अशीच बसते. थांब, बसली." त्यांनी झाकण दाबलं. "तो पोरगा शहाणा होता. शेवटपर्यंत अहो-जाहो करत होता. त्याला पण मी बेजार केलं."

ती आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. पाणी उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहिली. तिला वाटत होतं, त्यांनी एकदा रागवावं. लहानपणी शाळेच्या सहलीला जायचं म्हणून त्यांच्या डब्यातली नाणी न विचारता घेतली तेव्हा ते केवढे रागावले होते. आख्ख्या चाळीनं ऐकलं होतं. आज तसं काही झालं असतं तर ती रडली असती, पाया पडली असती, सगळं सोपं झालं असतं.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा ते पितळी तांब्यावर कॅमेरा रोखून बसले होते.

"त्या बाई चांगल्या आहेत," ते कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "तुझ्यावर जीव आहे त्यांचा. शाखा देणार म्हणत होत्या ना? मी दारातून निघताना ऐकलं. एवढी मोठी गोष्ट, बोलली नाहीस."

"ऐकू येतं तुम्हाला?"

"येतं कधीमधी," वडील म्हणाले. "हे उजेडाचं कुठे फिरवायचं, दाखव ना."

तिनं दाखवलं. त्यांच्या जाड, रापलेल्या बोटाखाली आपलं बोट धरून चकती फिरवली. दोघं बराच वेळ तांब्याचेच फोटो काढत राहिली. एक काळा आला, एक पांढराफटक, मग एक जमला.

बुधवारी ते येणार नाहीत असं तिनं धरून चाललं होतं. सकाळपासून ती कामात होती. दुपारच्या सुमारास रिसेप्शनवरच्या मुलीच्या हसण्याचा आवाज आला म्हणून तिनं बाहेर डोकावलं. वडील बाकावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, पायांत बूट. ते बूट त्यांनी लग्नकार्याखेरीज घातलेले तिनं पाहिले नव्हते. गळ्यात काळा कॅमेरा. मुलगी टेबलामागून उठून त्यांच्याजवळ येऊन उभी होती आणि ते तिला मागच्या पडद्यावर फोटो दाखवत होते.

"हा चमचा. बादलीतला. आणि हा माझा अंगठा. पाण्यात किती गोरा दिसतो बघ!"

ते हळू बोलत होते. तिला पाहिल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"नमस्कार, डॉक्टर."

"मॅडम, यांनी आडनावच सांगितलं नाही," मुलगी हसत म्हणाली. "म्हणे, नुसतं काका लिही."

ती त्यांना आत घेऊन गेली. दार लागल्यावर दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला आलात? मी संध्याकाळी घरी येऊन बघितलं असतं ना."

"त्यांना येतो म्हटलं होतं," वडील खुर्चीत चढत म्हणाले. "जुना पेशंट आणि बोलावलं तरी येत नाही, हे बरं दिसतं का? उगाच तुला कोणी काही विचारायला नको." त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला, बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि डोकं मागे टेकवलं. "चल. तुझं काम कर."

तेवढ्यात मोठ्या डॉक्टर हात पुसत आल्या. "आलात काका! शाब्बास. बघ गं तूच, तुझाच पेशंट. मी नुसती उभी राहते."

तिनं त्यांच्या छातीवर रुमाल बांधला. गळ्यामागे गाठ मारताना तिच्या बोटांना त्यांच्या मानेवरचा तो कडक, सुरकुतलेला पट्टा लागला, जिथे शिरस्त्राणाची कड इतकी वर्षं घासली होती. दिवा खाली ओढला. मास्क लावला. आरसा उचलला.

"बाबा, आ करा."

शब्द तोंडातून गेला तसे तिचे हात थांबले. वडिलांचे डोळे तिच्याकडे वळले. त्यांनी आ केला.

"ही तुझी पद्धत मला आवडते," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "बाबा, आजी, असं म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. आमच्या मुलींना मी हेच शिकवते."

आरशात मागची दाढ दिसत होती. पुलाच्या कडेला बारीक काळी फट होती. तिनंच सोडलेली. तेव्हा शिकवणाऱ्या सरांच्या नजरेतून ती सुटली होती आणि वडिलांनी आठ वर्षं त्याच बाजूनं चावून खाल्लं होतं.

"मॅडम," ती म्हणाली. "हे माझे वडील."

खुर्चीतून घशातला आवाज आला. अं, अं. तोंडात आरसा होता म्हणून वडिलांना बोलता येईना, पण त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलून जोरात हलवला. नाही, नाही.

"दुखलं का काका? झालंच हं," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या आणि मायेनं तिच्या पाठीवर थोपटलं. "खरंय गं. वडिलांसारखेच असतात असे पेशंट."

तिनं आरसा बाहेर काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. दिवा बाजूला सारला. मास्क हनुवटीखाली ओढला.

"सारखे नाही, मॅडम. वडीलच आहेत. इंजिनिअर नव्हते. बंदरावर पाण्यात उतरायचे. दुकानात मी खोटं बोलले."

ते तिनं मोठ्यानं म्हटलं होतं. बाहेर रिसेप्शनवर फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे. इस्त्रीच्या शर्टाकडे, त्या बुटांकडे.

"काका," त्या म्हणाल्या, "काय म्हणतेय ही?"

वडिलांनी रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिले. आपण अजूनही जुने पेशंटच राहायचं की तिचे वडील व्हायचं, ते मुलीनं ठरवावं म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले.